मास्तरांच्या नावाचा अर्ज

दादा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण तुमच्याशी भांडायची माझी खोड काही गेली नाही. गेल्या पंधरवड्यात तर रोजच भांडतेय. लातूरला कोर्टासमोरच्या गल्लीत माझी ती एवढीशी खोली आहे, तिथं समोर पक्षकार बसलेला असतो, भावकीच्या वाटणीचं रामायण सांगत असतो, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला विचारत असते, की अहो, एवढं तोंड शिवून बसायचं काय कारण होतं? एक शब्द बोलला असतात तर? पक्षकार म्हणतो, "मॅडम, ऐकून राहिल्या ना?" मी म्हणते, "हाव, बोला की." आणि मग त्याला सगळं पहिल्यापासून विचारावं लागतं. असं किती दिवस चालणार, म्हणून आज लिहायला बसले. रविवार आहे, कोर्ट बंद, समोरच्या क्लासची पोरं टेस्ट देऊन पांगली, आणि टेबलावर तुमच्या नावाचा एक अर्ज टाइप होऊन पडलाय. तो उद्या इथल्या चर्चच्या फादरकडे द्यायचाय. अर्ज बिशपसाहेबांना आहे. मागणी एकच. एकवीस वर्षांपूर्वी रविवारच्या उपासनेत, भर मिस्सामध्ये, वेदीवरून तुमच्या नावाला जो बट्टा लावला, तो त्याच वेदीवरून पुसावा. माझ्या वडिलांनी, मास्तरांनी, काही गुन्हा केला नव्हता, एवढं लोकांसमोर म्हणावं. जमिनीच्या, पोटगीच्या, नोकरीच्या कितीतरी मागण्या मी आजवर टाइप करून घेतल्या, पण एखाद्या मागणीसाठी इतका जीव अडकला नव्हता.

मी मिस्साला जाते हे ऐकून तुम्हाला हसू येईल. जाते. आई शेवटची काही वर्षं माझ्याकडे लातूरला होती, तिला स्कूटीवर सोडायला जायचे आणि बाहेर थांबायचे. मग आई गेली आणि पाय आपले तिकडेच वळत राहिले. इथले फादर पोरगेलेसे आहेत, वसईकडचे. त्यांचं मराठी तिकडचं, माझं आपलं असं, सुरुवातीला आम्हाला एकमेकांचं निम्मंच कळायचं. तर एके दिवशी ते म्हणाले, तुम्ही वकील आहात, पुढच्या रविवारी मिस्सानंतर लोकांशी जरा बोला, श्रद्धावंतांचे, म्हणजे चर्चमधल्या साध्या माणसांचे हक्क आणि मानवी हक्क, असा विषय घेऊ. मी तोंडावरच हसले. म्हटलं, "फादर, मानवी हक्कांवर दोन तास बोलते. श्रद्धावंताच्या हक्काला मात्र अर्धं मिनिट पुरेल, कारण तसलं काही नसतं." ते रागावले नाहीत. आत गेले, एक जाडजूड पुस्तक आणून माझ्या हातात ठेवलं. चर्चचा कायदा. म्हणाले, "आधी वाचा, मग भांडा." दादा, ते वाक्य अगदी तुमच्या तोंडचं वाटलं मला.

वाचलं. आणि अर्जात जे लिहिलंय ते इथून सुरू होतं. तुम्हाला तुमचीच गोष्ट सांगायची म्हणजे गंमतच, पण अर्जात ती पहिल्यापासून लिहावी लागली, कारण आताच्या बिशपसाहेबांना तुम्ही कोण हे कुठून माहीत असणार? तर अर्जदाराचे वडील हे बिलोली तालुक्यातल्या एका गावात चर्चचे मास्तर होते. शाळेचे नव्हेत. फादर महिन्यातून एकदा जीपमधून यायचे, मधल्या सगळ्या रविवारी प्रार्थना घ्यायची ती मास्तरांनी. पोरांना देवाच्या आज्ञा शिकवायच्या, बाप्तिस्म्यासाठी लोक तयार करायचे, आजाऱ्याजवळ बसायचं आणि मेलेल्याला माती द्यायची. तुम्ही हे सव्वीस वर्षं केलं. मला लहानपणी वाटायचं की गावात कुणी मेलं की आधी माझ्या बापाला कळतं, कारण रात्रंदिवस कुणी ना कुणी दाराशी उभं असायचं. शाळेत पोरी मला मास्तरची म्हणायच्या आणि मला त्याची लाज वाटायची. तुमचा तो एकच पांढरा सदरा, सायकलच्या दांडीला अडकवलेली प्रार्थनेच्या पुस्तकाची पिशवी, सगळ्याचीच लाज वाटायची. हे अर्जात नाही लिहिलं.

मग ती बाई. तिचं नाव मी इथंही घेत नाही, तुम्हाला आवडणार नाही. बिड्या वळायची, तेलंगणाच्या बाजूची, बोलताना अर्धं तेलुगू यायचं तिच्या तोंडात. नवऱ्यानं टाकलेली. तो हैदराबादला गेला, तिथं दुसरी केली, आणि ही दोन लेकरं घेऊन इथं एका टेम्पोवाल्याच्या घरात राहायला लागली. त्या माणसानं लेकरांना स्वतःची म्हणून वाढवलं, मुलीचं लग्न लावून दिलं. पण चर्चमध्ये लागलेलं लग्न पहिलंच, ते काही तुटत नाही, म्हणून तिला ख्रिस्तप्रसाद मिळायचा नाही. तरी ती दर रविवारी यायची. शेवटच्या ओळीत, चपला काढतात तिथं बसायची. सगळे प्रसादाला उठले की ती एकटी बसून राहायची आणि पदराच्या टोकाशी चाळा करायची. मी तिच्याकडे पाहिलं तर हसायची. तिला कावीळ झाली तेव्हा तुम्ही रोज संध्याकाळी जाऊन तिच्याजवळ प्रार्थना म्हणत होतात. आणि एका सकाळी ती गेली.

तुम्ही बिलोलीला जाऊन एसटीडीवरून फादरना फोन लावला. ते फादर नवे होते, कडक होते. वाईट माणूस म्हणून मला ते आठवत नाहीत, नियमाला घाबरणारा माणूस म्हणून आठवतात. त्यांनी सांगितलं, ती उघड उघड तशी राहत होती, तिला आपल्या कबरस्तानात विधीनं पुरता येणार नाही, घरच्यांना काय करायचं ते करू द्या. घरच्यांनी काय करायचं? गावच्या स्मशानातले म्हणाले, ती किरिस्ताव, आमच्यात कशी? तिच्या माहेरच्या भावकीनं तर केव्हाच नाव टाकलेलं. दुपारपर्यंत ती ओट्यावर पडून होती, तोंडावर ओला फडका. तुम्ही बिलोलीच्या मुस्लिम सुताराकडे गेलात, आपल्या सगळ्या पेट्या तोच बनवायचा. तुम्ही त्याला सगळं सांगितलंत, कारण फादरनी मना केलेल्या मय्यतीला पेटी बनवून त्याच्यावर काही यायला नको. तो रंधा चालवत राहिला आणि म्हणाला, "मय्यत है मास्तर. मिट्टी तो देनाच पडता ना, किसकी भी रहो." हे तुम्ही मला नंतर किती वेळा सांगितलंत. मी कॉलेजात मानवी हक्कांचा अख्खा पेपर दिला, पण त्या सुतारानं एका वाक्यात सांगितलं ते त्यात कुठं सापडलं नाही. चार वाजता तुम्ही घंटा वाजवलीत आणि तिला ओढ्याकडच्या आपल्या कबरस्तानात, पूर्ण प्रार्थना म्हणून, पवित्र पाणी शिंपडून माती दिलीत.

पुढच्या रविवारी जीप आली. महिन्याचा तो रविवार नव्हता, तरी आली. मी लातूरच्या होस्टेलमधून दोन दिवसांसाठी आलेली, म्हणून हे मी स्वतः पाहिलंय. पहिलं वाचन तुमचं असायचं, तुम्ही पुस्तक उघडून उभे राहिलात, तर फादरनी हातानंच खाली बसा अशी खूण केली आणि दुसऱ्याला बोलावलं. मग प्रवचनाच्या जागी त्यांनी सांगितलं, की आजपासून हे आपले मास्तर नाहीत, आणि सगळ्यांसमोर उभं राहून चूक झाली म्हणेपर्यंत त्यांनी प्रसादालाही येऊ नये. लोक मान खाली घालून बसलेले. ज्यांच्या आईबापांना तुम्ही माती दिली, ती माणसंसुद्धा चटईच्या काड्या मोडत बसली. तुम्ही पुस्तक मिटलंत, कपाळाला लावलंत, समोर ठेवलंत आणि चालत मागे गेलात. चपलांजवळ ती बसायची तिथं जाऊन बसलात. आईच्या डोळ्यांना धार लागली होती आणि मला नुसता संताप, इतका की कान तापले.

त्या दुपारी आई चुलीपुढे भाकरी करतेय. तुम्ही पाटावर बसलाय, ताट समोर आहे, हात लावलेला नाही. मी तोंड सोडलंय, फादरचा उद्धार चाललाय. तुम्ही म्हणता, "त्यांनी फोनवर विचारलं होतं मला. शेवटी काही म्हणाली का ती, म्हणून. मी म्हणलं, ते मला सांगता येत न्हाई." मी म्हणते, "का नाही सांगता येत? तोंडात काय मूग होते?" तुम्ही ताट जरा मागे सारता. मग म्हणता, "माय, तू कायदा शिकून राहिली. मला एक सांग. त्यांनी मला बोलवून विचारलं न्हाई, मास्तर असं का केलं म्हणून. सरळ लोकांमधी सांगितलं. इचारायला पायजे होतं का न्हाई?" मी ताडकन उठले, वही काढली आणि अर्ध्या तासात नोटीस लिहून टाकली. भारताचं संविधान, मानवी हक्कांचा जाहीरनामा, प्रतिष्ठेनं जगण्याचा अधिकार, पोलिसात तक्रार, पेपरात बातमी. झाडून सगळं. तुम्ही चष्मा लावून सावकाश दोनदा वाचलंत. म्हणालात, "हे खरं हाय सगळं. पण हे बाहेर उभं राहून घरावर दगड मारल्यावानी हाय. मला घरात बसून बोलायचंय. आई वाढत न्हाई म्हणून पोलिसात जातं का कुणी?" मी म्हटलं, "जातात दादा. आता जातात." आई भाकरी थापायची थांबली. तुम्ही मात्र चिडला नाहीत. तुम्ही अजून एकदा विचारलंत, आणि तो प्रश्न शब्दाशब्दासकट मला पाठ आहे. "माणूस म्हणून माझा हक्क हाय, तू म्हणतीस तसा. तो कलेक्टरपुढं, कोर्टापुढं. पण बाप्तिस्मा झालेला माणूस म्हणून बी माझा काही असंल ना? तिथंच, देवळात?"

मी म्हटलं, नसतो. फादर म्हणेल तो कायदा. विषय संपला.

किती सहज म्हटलं! तिसऱ्या वर्षाला होते, एकही पान उघडलेलं नव्हतं, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, कारण घरात कायदा शिकलेलं दुसरं कोण होतं? आता या पुस्तकात वाचतेय तर तुमचाच प्रश्न ओळीनं लिहून ठेवल्यासारखा आहे. श्रद्धावंताला आपली गरज, आपलं म्हणणं धर्मगुरूंसमोर मांडायचा हक्क आहे. देवाचा शब्द आणि संस्कार मिळायचा हक्क आहे. चांगल्या नावाचा हक्क आहे, तो कुणी उगीच मलिन करायचा नाही. चर्चच्याच दरबारात दाद मागायचा हक्क आहे, आणि शिक्षा द्यायचीच तर कायद्यानं, त्याचं ऐकून घेऊन. वरच्याकडे दाद मागायला मुदत असते, फार नाही, काही दिवसच. ते दिवस तुम्ही ओसरीवर बसून काढले आणि मी होस्टेलमध्ये सिनेमाच्या गप्पा मारत काढले.

ठरल्या रविवारी मी लोकांशी बोलले. वीस-पंचवीस माणसं, चहा आणि खारी. मी काही फादरच्या बाजूनं गोड गोड बोलले नाही, काळजी नको. म्हटलं, मानवी हक्क मिळायला बाप्तिस्मा लागत नाही, जात लागत नाही, दाखला लागत नाही, माणूस असलं की झालं. आणि ते मागायचे तर ज्यानं मारलं त्याच्यापासून वेगळा न्यायाधीश मिळतो. इथं चर्चमध्ये हक्क लिहिलेत, छान लिहिलेत, कर्तव्यांच्या शेजारीच लिहिलेत, पण दाद मागायची ती बिशपसाहेबांकडे, म्हणजे घरच्याच मोठ्या माणसाकडे. आमच्या लातूरच्या कोर्टात निदान पोलीस स्टेशन वेगळ्या इमारतीत आहे. लोक हसले. मग मी म्हटलं, पण घरातला हक्क वेगळाच असतो. कोर्ट मला हजार रुपये देववील, माझी जागा परत देववील, पण पंक्तीत बसवून प्रेमानं वाढायला कुठलं कोर्ट लावील? हे बोलताना आवाज फाटला माझा. लोकांना वाटलं घसा बसला.

हे मला पुस्तकानं शिकवलं नव्हतं, तुम्हीच शिकवलं होतं. आठवतंय, माझी सनद झाल्यावर तुम्ही लातूरला आला होतात? बसस्टँडवरून चालत कोर्टात आलात, रिक्षा करा म्हटलं तर ऐकलं नाही. एका चोरीच्या केसमध्ये मी सीनियरच्या मागे उभी होते, तुम्ही मागच्या बाकावर पिशवी मांडीवर धरून बसलात. मॅजिस्ट्रेटनी त्या पोराला, मोटरसायकल चोरलेल्याला, विचारलं, तुला काही सांगायचंय का? तेवढंच. बाहेर येऊन आपण चहा घेतला. तुम्ही बशीत चहा ओतलात आणि प्यायचं विसरलात. "चोराला बी विचारतेत गं," म्हणालात. "लई चांगलं हाय." मला बापाला कोर्ट आवडलं याचाच आनंद. मी तुम्हाला दुसरा चहा सांगितला.

तर त्या रविवारी सगळे गेल्यावर एक बाई थांबली. चाळिशीची, इथल्याच एका दवाखान्यात आया आहे. म्हणाली, "ताई, मी बिलोलीकडची. मास्तरांनी ज्या बाईला माती दिली, ती माझी आई." दादा, मी तिला ओळखलंच नाही. ती त्या वेळी बाळंतपणाला आईकडे आली होती, त्याच खोलीत तान्ह्याला घेऊन निजलेली होती. ती सांगायला लागली. मरणाच्या आदल्या संध्याकाळी तिच्या आईनं तुमचा हात धरला आणि म्हणाली, "मास्तर, पहिल्या नवऱ्याचा राग मी सोडला. ह्या माणसाला सोडून कुठं जाऊ, त्यानं माझी लेकरं वाढवली. पण मी देवाचं चुकले असंन तर मला माफ कर म्हणावं. मला लई वाईट वाटतंय, मास्तर." आणि तुम्ही म्हणालात, "हे तू देवाला सांगितलं. माझ्याकडून आता हे कुणाकडं जायचं न्हाई." मग त्या पोरीकडे वळून तुम्ही तिलाही शपथ घातलीत, बाई, तू बी ऐकलं असशील तर विसर. ती म्हणाली, "मास्तरांचं नाव गेलं तवा मला लई वाटलं बोलावं म्हणून. पण शपथ मोडू कशी? मास्तर गेले तेव्हाच मी सुटले असं समजायला पायजे होतं, पर हिंमत न्हाई झाली."

मी तशीच ते पुस्तक घेऊन फादरकडे गेले. विचारलं, पापकबुलीचं गुपित, ते कुणावर बंधनकारक? फादर म्हणाले, कबुली ऐकायचा अधिकार धर्मगुरूलाच, म्हणून ते बंधनही त्याच्यावर. मास्तरांसमोर ती बाई जे बोलली ती संस्काराची कबुली नव्हतीच. मी म्हटलं, म्हणजे त्यांना सांगता आलं असतं? तपशील नाही सांगितला तरी चाललं असतं, म्हणाले, नुसतं हो फादर, तिला पश्चात्ताप झाला होता, एवढं बोलले असते तरी पुरे होतं. मरणाआधी पश्चात्तापाची खूण दिसली की अशा माणसाला विधीनं माती देता येते, तिथं अडवायचं कारणच उरत नाही. दादा! एक वाक्य! तुम्ही तर इतकं साधं वाक्य गिळलंत आणि आपलं सगळं नाव त्याच्यावर घालवलंत. सव्वीस वर्षं पोरांना शिकवलंत की कबुलीतलं बाहेर पडलं तर मोठं पाप, आणि ते शिकवता शिकवता स्वतःलाच लावून घेतलंत. ज्या माणसाला कबुली ऐकायचा हक्क नव्हता त्यानं तिचं ओझं मात्र पुरेपूर वाहिलं. मला हसू फुटलं आणि मग रडूच आवरेना. ते पोरगेले फादर घाबरून पाणी आणायला धावले. नंतर म्हणाले, "कायद्यानं ती त्यांची चूक होती. पण तिनं विश्वासानं सांगितलं ते त्यांनी जपलं, याला मी तरी चूक म्हणायला धजणार नाही. तुम्ही अर्ज करा. मेलेल्या माणसालाही चांगलं नाव असतं. मी स्वतः बिशपसाहेबांपुढे ठेवतो."

म्हणून हा अर्ज. त्या बाईच्या मुलीचा जबाब जोडलाय, तिची स्वतःची सही आहे. वस्तुस्थिती, कारणं, मागणी, सगळं रीतसर. तुम्ही त्या रविवारनंतर सात वर्षं एकही मिस्सा चुकवला नाहीत, एकदाही प्रसादाच्या रांगेत उभे राहिला नाहीत, आणि एकदाही लोकांसमोर चूक झाली असं म्हणाला नाहीत, हेही लिहिलंय. ते कडक फादर दोन वर्षांत बदलून गेले, पुढच्यांनी तुम्हाला कधी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. कारण चूक कबूल करायची म्हणजे तिला माती दिली ते चुकलं असं म्हणायचं, आणि ते तुमच्या तोंडून येणार नव्हतं. अर्जाचा शेवटचा परिच्छेद मी एका दमात सांगितला, टायपिस्टनं टाइप केला: अर्जदाराच्या वडिलांना अखेरच्या श्वासापर्यंत चर्चनं संस्कारांपासून वंचित ठेवलं. वकिली वाक्य आहे, जोरदार आहे. खाली माझी सही करायची आहे. सकाळपासून पेनचं टोपण काढतेय आणि लावतेय.

नांदेडचा तो दवाखाना, दादा. दुसरा दिवस, दुपारचे दोन वाजलेले. डॉक्टर सकाळीच म्हणून गेले होते की सुधारणा आहे, परवा घरी सोडू. आई खाली डबा घ्यायला गेलेली. तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "फादरला निरोप दे. आजाऱ्याचं पवित्र तेल लावायला या म्हणावं. आणि परसाद बी आणा म्हणावं." सात वर्षांत पहिल्यांदा तुम्ही स्वतःसाठी काही मागितलंत. मी म्हटलं, हाव, देते. फोन घेऊन व्हरांड्यात गेले. नांदेडच्या फादरचा नंबर आईनं चिठ्ठीवर लिहून दिलेला होता, तो माझ्या पर्समध्ये होता. ते नवे फादर होते, तुमची भानगड त्यांना ऐकूनही माहीत नव्हती, दहा मिनिटांच्या रस्त्यावर राहत होते. आले असते. मी फोन हातात धरून उभी राहिले आणि मला एवढंच दिसत होतं, की तुम्ही पुस्तक मिटून चपलांकडे चालत जाताय. मनात म्हटलं, सात वर्षं ज्यांनी माझ्या बापाला विचारलं नाही त्यांच्यापुढे आज मी हात पसरायचा? नाही. परवा घरी जातील, मग बघू. आत आले आणि तुम्हाला सांगितलं, केला फोन, येतेत संध्याकाळपर्यंत.

तुम्ही आईकडून केस विंचरून घेतलेत. सदऱ्याची वरची गुंडी लावून घेतलीत. दर थोड्या वेळानं दाराकडे बघत होतात आणि कुणी चाललं की उशीवरून मान उचलत होतात. पाचला दम लागला. डॉक्टर आले, मला बाहेर काढलं, परत आत घेतलं. आई म्हणायला लागली, अजून कसे आले न्हाईत फादर, आणि तुम्ही, दादा, तुम्ही तिला समजावलंत, "गावाला गेले असतील. त्यांच्याकडं बी लई गावं हायेत. त्यांच्यावर राग धरू नको." ऊन भिंतीवर होतं तेव्हाच तुम्ही गेलात. आईनं मरेपर्यंत त्या फादरना माफ केलं नाही, त्यांचं नाव निघालं की ती उठून जायची, आणि मी गप्प बसून ऐकून घेतलं. फोन मी लावलाच नव्हता.